मांजरीचं ऑपरेशन, कुत्र्याची लस आणि आपल्या खिशात बसणारा हिशोब

पैसे नसबंदीच्या ऑपरेशनच्या टेबलावर वाचवायचे नाहीत. भूल, रक्ताची तपासणी आणि दुखणं कमी करणारं इंजेक्शन, या तिन्हींत घासाघीस करायची नाही. वाचवायचे ते टेबलाच्या आधी आणि नंतर. योग्य वयात करून घेणं, चारपाच जनावरं एकदम नेणं, नेण्या-आणण्याची सोय स्वतः करणं आणि नंतरची शुश्रूषा घरी नीट करणं, यातच खरा पैसा वाचतो. खाली जे लिहिलंय ते सगळं याच धोरणाने लिहिलंय.

मी कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहते. ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. आमचे हे एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात आहेत. घरात ठमी ही भाटी म्हणजे मांजरी, बाजीराव हा बोका आणि काळी नावाची गावठी कुत्री, शिवाय गल्लीतली मांजरं, ज्यांची मोजदाद मी सोडून दिली आहे. मोठ्या पगाराच्या माणसांना दवाखान्याचा फोन नंबर पुरतो. आपल्यासारख्यांना थोडी आखणी करावी लागते.

कधी करायचं

भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते. आपल्याकडे कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे तिला ठरावीक हंगाम असा नाही, वर्षभर माज चालूच. गाभण राहिली की नऊ आठवड्यांनी पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून 'अजून लहान आहे' म्हणत बसू नका. पाचव्या महिन्याच्या आसपास, वजन दोन किलोच्या पुढे गेलं आणि तब्येत चांगली असली की डॉक्टरांना दाखवा. बोक्याचं सहाव्या महिन्याच्या सुमारास, दारात-पडद्यावर फवारे मारायची सवय लागायच्या आत. बोक्याचं पोट उघडावं लागत नाही, म्हणून त्याचा खर्चही भाटीपेक्षा कमी असतो. एकाच महिन्यात दोघांचं जमत नसेल तर आधी भाटीचं करा.

कुत्रीचा पहिला माज साधारण सहा ते बारा महिन्यांत येतो. गावठी किंवा लहान जातीच्या कुत्रीचं सहाव्या महिन्याच्या पुढेमागे करता येतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींची हाडं उशिरापर्यंत वाढत असतात, त्यांना वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. तिथे डॉक्टरांचं ऐका. माज चालू असताना ऑपरेशन टाळतात, कारण त्या दिवसांत गर्भाशयाकडे रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि रक्तस्रावाचा धोका जास्त. माज संपून दोन-तीन महिने गेले की बरं.

'एकदा पिल्लं होऊ द्या, मग करा, नाहीतर तिच्या मनाला लागतं' हे मला शेजारणींनीच काय, एका शिकलेल्या साहेबांनीसुद्धा ऐकवलंय. याला वैद्यकीय आधार काही नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या कुत्रीला स्तनाच्या गाठी होण्याची शक्यता खूप कमी असते, आणि प्रत्येक माजागणिक तो फायदा घटत जातो. न केलेल्या कुत्रीला माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार गाठू शकतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनींच्या स्पिट्झला तो झाला. ती सारखी पाणी पीत होती, सारखी मुतत होती आणि खाणं टाकलं होतं. वहिनींना वाटलं उन्हाळा आहे. शेवटी रात्रीच्या वेळी तातडीचं ऑपरेशन करावं लागलं आणि वेळेवर केलं असतं त्याच्या कितीतरी पट बिल आलं. कुत्री वाचली, पण वहिनींचा सोन्याचा वेल गहाण पडला.

आणखी एक. माज येऊ नये म्हणून हार्मोनचं इंजेक्शन स्वस्तात मारून देणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. गर्भाशयातला पू आणि स्तनाच्या गाठी, दोन्हींचा धोका त्याने वाढतो.

कुठे न्यायचं

परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, म्हणजे आपलं बैलघोडा. आचार्य दोंदे मार्गावर आहे, 1880 च्या दशकापासून चालू आहे आणि धर्मादाय असल्यामुळे दर खासगीपेक्षा कमी असतात. त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथले शिकाऊ डॉक्टर आणि त्यांचे गुरुजी दोघेही भेटतात. ठाण्याहून धीम्या लोकलने परळ, आणि नवी मुंबईहून हार्बरने यायचं तर शिवडी जवळ पडतं. पण जनावर सोबत असताना मी लोकलच्या गर्दीत शिरत नाही. चौघींनी मिळून टॅक्सी केली की परवडते. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, म्हणून 'अर्धं अंतर रिक्षाने' हा हिशोब तिथे फसतो. सकाळी लवकर पोचा, केस पेपरला रांग असते. पहिल्याच फेरीत ऑपरेशन होईल असं धरून निघू नका. आधी तपासणी, मग तारीख. धर्मादाय ठिकाणी गर्दी, वाट बघणं आणि तुटक उत्तरं हे गृहीत धरायचं. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जायचं आणि डोकं शांत ठेवायचं.

ठाण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना घोडबंदर रोडवर ब्रह्मांड या वसाहतीजवळची ठाणे एसपीसीए, म्हणजे प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या संस्थेचा दवाखाना, जवळ पडते. फोन करून, वेळ ठरवूनच जा, कारण जखमी जनावरं आली की ठरलेली ऑपरेशनं मागे पडतात. त्यात त्यांचा दोष नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुळात गाई-म्हशी-शेळ्यांसाठी आहेत, पण कुत्र्या-मांजराची रेबीजची लस, जंताचं औषध, किरकोळ जखम एवढ्यासाठी ते नाममात्र फीमध्ये उत्तम. ऑपरेशन तिथे होईल की नाही हे त्या-त्या डॉक्टरांवर आणि सोयीवर असतं, विचारून बघावं. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर आहे. गावाकडे गाय अडली तर तो लावा. शहरातल्या मांजरीसाठी त्याच्या भरवशावर बसू नका.

राहिला खासगी दवाखाना. माझ्या अनुभवात खासगी डॉक्टर सगळेच महाग नसतात, विचारायची पद्धत चुकते. 'भाटीच्या ऑपरेशनला किती?' एवढंच विचारलं तर एक आकडा मिळतो आणि बिल दुसऱ्याच आकड्याचं येतं. मला एकाच भागात साडेतीन हजारांपासून नऊ हजारांपर्यंत आकडे सांगितले गेले. खोलात गेल्यावर कळलं की साडेतीनमध्ये रक्ततपासणी, औषधं, कॉलर, टाके काढणं यातलं काहीच नव्हतं, आणि नऊमध्ये सगळं धरून एक रात्र ठेवणंही होतं. म्हणून फोनवर असं विचारा:

- या पैशात रक्ताची तपासणी, सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, घरी न्यायची औषधं आणि टाके काढणं धरलंय का?
- भूल इंजेक्शनची की गॅसची? ऑपरेशन चालू असताना श्वास आणि ठोके कोण बघतं?
- सलाईनसाठी शिरेत सुई आधीच लावून ठेवता का?
- रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा?

शेवटच्या प्रश्नाला 'काही होत नाही हो' असं उत्तर आलं तर मी फोन ठेवते.

डॉक्टरांच्या पाटीवर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. पदविका घेतलेले किंवा दवाखान्यात हाताखाली काम केलेले लोक इंजेक्शन मारून जातात, ऑपरेशन त्यांच्याकडून करून घ्यायचं नसतं. घरी येऊन ओट्यावर ऑपरेशन करून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करा.

आता सवलत कशी मागायची. गल्लीतल्या मांजरांसाठी बऱ्याच डॉक्टरांचा वेगळा, कमी दर असतो, तो विचारल्याशिवाय सांगत नाहीत. चारपाच मांजरं एका दिवशी, तीही शनिवार-रविवार सोडून आणतो असं सांगितलं की दर आणखी खाली येतो, कारण भुलीची, उपकरणं उकळायची, मदतनिसाची तयारी एकदाच होते. औषधाचं मूळ नाव लिहून मागा. अँटिबायोटिकच्या गोळ्या पुष्कळदा माणसांच्याच असतात आणि जन औषधी केंद्रात निम्म्याहून कमी पैशात मिळतात. घरचं मांजर गल्लीतलं म्हणून खपवायचा मोह होतो कुणाला कुणाला. करू नका, भटक्याच्या दरात ऑपरेशन म्हणजे ओळखीसाठी कानाला काप, आणि मग जन्मभर तेच बघत बसायचं.

आधीची तयारी

लस आधी, ऑपरेशन नंतर. दवाखान्यात आजारी जनावरं येतात. कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो किंवा मांजराला पॅनल्यूकोपेनिया असा जीवघेणा संसर्ग लागला तर ऑपरेशनचे पैसे वाचवून काय उपयोग. लसीनंतर निदान दोन आठवड्यांनी तारीख घ्या, म्हणजे अंगात ताकद आलेली असते.

रक्ताच्या तपासणीवर मी इतकी अडून बसते त्याचं कारण गोचीड. आपल्या पट्ट्यात कुत्र्यांना गोचीड ताप सर्रास होतो आणि त्यात प्लेटलेट्स खाली जातात. वरून कुत्रा ठणठणीत दिसतो, शेपटी हलवतो, आणि कापल्यावर रक्त थांबत नाही. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हे आधी कळतं. सहा-सात वर्षांच्या पुढच्या जनावराचं यकृत आणि किडनीचंही बघून घ्यायचं.

मोठ्या जनावराला आदल्या रात्रीनंतर खायला द्यायचं नाही. पाणी सकाळपर्यंत चालतं. लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, साखर खाली जाते. किती तास ते डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्या. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सासूबाईंचा जीव कळवळतो आणि पहाटे हळूच दुधाची वाटी पुढे जाते. भुलीत उलटी होऊन ते श्वासनलिकेत गेलं तर जिवाशी गाठ.

पिंजऱ्याला हजार-दीड हजार घालायची गरज नाही. मार्केटात भाजीचे जाळीदार प्लास्टिक क्रेट असतात. सारख्या मापाचे दोन घ्या, एकावर एक पालथा ठेवा आणि लांब बाजूला तीन व आखूड बाजूला दोन ठिकाणी नायलॉनच्या दोरीने आवळून बांधा. एका आखूड बाजूच्या गाठी सुटत्या ठेवा, तेच दार. आत खाली वर्तमानपत्र, वर जुना टॉवेल, आणि सगळ्यावर एक ओढणी टाका. अंधार झाला की मांजर ओरडायचं थांबतं. कडा घासून घ्या, एखाद्या क्रेटला धारदार टोक असतं ते पंजात शिरतं. दोन मांजरं एका क्रेटमध्ये घालू नका, सख्खी बहीण असली तरी.

गल्लीतलं मांजर हाताला येत नसेल तर हाताने धरायला जाऊच नका. पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवा, रोज ठरलेल्या वेळी खाणं आतच ठेवा, आठवडाभरात ते बिनधास्त आत जातं. ठरलेल्या दिवशी दार लावा. प्राणिमित्र संस्थांकडे सापळ्याचे पिंजरे अनामत ठेवून मिळतात.

चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, पूर्ण पंधरा. मग त्याच दिवशी मनपाच्या रुग्णालयात, म्हणजे वाशीला किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस घ्यायचे. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही.

नंतरचे दिवस

इथे माझं काम सुरू होतं. भुलीतून उठलेलं जनावर थंड पडतं, थरथरतं. जमिनीवर गोधडी टाकून, पंखा बंद करून ठेवा. कॉट, ओटा, खुर्ची नको, तोल जाऊन पडतं. घरात दुसरं मांजर असेल तर रात्रभर वेगळं ठेवा. दवाखान्याच्या वासामुळे ओळख पटत नाही आणि मारामारी होते. ठमी परत आली तेव्हा बाजीरावाने तिच्यावर असा फिस्कारा केला की जणू पहिल्यांदाच बघतोय. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडं पाणी, मग नेहमीच्या चौथाई खाणं.

टाके चाटू नयेत म्हणून प्लास्टिकची कॉलर देतात. कुत्रे ती कशीबशी सहन करतात, मांजरं मात्र तिच्यामुळे खाणं सोडतात, उलट्या पावली मागे चालतात, कोपऱ्यात अडकतात. मी अंगरखा शिवते. माणसाच्या पूर्ण बाहीच्या जुन्या टी-शर्टची बाही घ्या, होजिअरीचंच कापड हवं, ताणलं जातं ते. मांजराच्या गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेपने माप घ्या आणि तेवढी बाही कापा. मनगटाकडचा अरुंद भाग गळ्याकडे ठेवा. गळ्याच्या कडेपासून दोन बोटं सोडून पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडा, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. भोकं बाजूला नाहीत, छातीखाली पाडायची, कारण मांजराचे पाय खालून निघतात. ब्लाउजच्या मुंढ्यासारखी बाजूला काढलीत तर कापड काखेत काचतं. मागच्या पायांची भोकं पुढच्यांपेक्षा मोठी. शेपटीखालचा भाग अर्धगोल कापून टाका, म्हणजे शी-शूला अडचण नाही. मागची कड पाठीवर नाडीने बांधायची, गाठ वर. पोटावर शिवण, गाठ, हुक, चेन काही येता कामा नये, नेमके तिथेच टाके असतात. कापलेल्या कडा दुमडून शिवू नका, होजिअरी उसवत नाही आणि जाड शिवण टोचते. एका बाहीत एक अंगरखा, एका टी-शर्टात दोन. एक धुवायचा, एक घालायचा. दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत, इतकाच घट्ट.

लहान-मध्यम कुत्रीला याच मापाने मोठ्या टी-शर्टच्या धडाचा करता येतो. काळीने मात्र एका दुपारात फाडून ठेवला. तिला शेवटी कॉलरच लावली.

दिवसातून दोनदा अंगरखा वर करून टाके बघा. थोडी सूज, हाताला दोरीसारखा लागणारा कडक भाग, पहिल्या दिवशी किंचित लालसरपणा चालतो. पू, घाण वास, टाक्यांत फट, टपकणारं रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, चोवीस तासांनंतरही खायला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं की लगेच दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. हळद, पावडर, तेल, बोरोलीन काही लावू नका. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही. कातडीवरचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. आतून घातलेले विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत, कुठले घातले ते त्याच दिवशी विचारा.

दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन द्यायची नाही. मांजराच्या शरीराला पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकता येत नाही. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, यकृत बिघडतं आणि एका गोळीनेही मांजर मरू शकतं. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम कुत्र्यालासुद्धा नाही. मांजराला डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली असेल तर मागोमाग सिरिंजने थोडं पाणी पाजा, कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. हे दवाखान्यात घाईत सांगायचं राहून जातं.

बोका किंवा कुत्रा ऑपरेशननंतरही काही आठवडे मादीला गाभण करू शकतो. महिना-दीड महिना माद्यांपासून लांब ठेवा. ऑपरेशन झालेल्या जनावराला खाणं थोडं कमी लागतं, तेव्हा 'बिचारी' म्हणून वाटी भरत राहू नका.

वर्षभराचं

कुत्र्याच्या पिल्लाला सहा-आठ आठवड्यांचं असताना पहिली एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत पुढचे डोस. मांजराची तीन आजारांवरची लस आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू करतात. रेबीजची लस दोघांनाही तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि मग डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस. पावसाळ्यात आमच्या वसाहतीत पाणी साचतं आणि घुशी बाहेर येतात, म्हणून काळीला लेप्टोचा, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, अंश असलेली लस जूनच्या आधी.

रेबीजची लस दहा डोसांच्या बाटलीतही येते. गल्लीतली दहा जनावरं एका दिवशी जमवलीत तर डॉक्टर बाटली फोडतात आणि डोसामागे खर्च बराच उतरतो. 6 जुलैचा जागतिक प्राणिजन्य रोग दिन आणि 28 सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन, या दिवसांच्या आसपास सरकारी दवाखाने आणि संस्था फुकट लसीकरण करतात, त्या आठवड्यांत चौकशी करत राहा. सरकारी दवाखान्यात लस बाहेरून आणायला सांगितली तर दुकानातून बर्फाच्या डब्यात घालूनच न्या. लस दोन ते आठ अंशांत राहिली नाही तर टोचलेलं पाणीच समजा. बाटलीवरचं लेबल पुस्तिकेत चिकटवून, डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. कुत्र्याचा मनपाचा परवाना काढताना तेच दाखवावं लागतं.

जंताचं औषध पिल्लांना दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा, आणि मोठ्यांना तीन महिन्यांतून एकदा. वजनावर असतं, तेव्हा अंदाजाने अर्धी गोळी, पाव गोळी करू नका. घरच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग जनावर घेऊन, वजाबाकी करा.

गोचीड-पिसवांचं कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं. कुत्र्याला लावलं तरी सुकेपर्यंत मांजर त्याच्या अंगाला घासू देऊ नका.

गल्लीतले कुत्रे

यांचा खर्च तुमच्यावर नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे मनपाचं काम आहे. विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. अर्जात कुत्र्याचा फोटो, रंग, नर की मादी, कुठल्या सेक्टरला कुठल्या दुकानासमोर किती वाजता असतो, एवढं लिहा. 'कुत्र्यांचा त्रास आहे' अशा मोघम अर्जावर गाडी येते आणि जो हाताला लागेल तो नेते. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नेत नाहीत, अंगावर पिल्लं पिणारी मादीही नाही. असं कुणी नेत असेल तर तिथेच थांबवा. गाडी आली की नंबर आणि तारीख टिपा. ऑपरेशननंतर चारेक दिवस ठेवून, कानाला खाच करून, जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. आठवड्याने परत आला नाही तर पोचपावती घेऊन जा.

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला हेच सांगितलं: नसबंदी, लस, जंतनाशक देऊन त्याच जागी परत, फक्त रेबीज झालेले आणि आक्रमक सोडून. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले कुत्रे हलवून तिथे परत सोडायचे नाहीत असं ठरलं. तेव्हा तुम्ही स्टेशनच्या पायऱ्यांवर किंवा शाळेच्या फाटकाशी खायला घालत असाल तर जागा बदला. तिथे सवय लावलेला कुत्रा उचलला जाईल.

पैशांची सोय

आमच्या लाइनीत बायकांची भिशी आहेच, त्याला जोडून जनावरांची वेगळी भिशी केली. दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये. चिठ्ठी काढत नाही, नंबर वयावर लागतो, ज्या भाटीला पाच महिने होत आलेत ती आधी, मग ज्यांची पिल्लं अंगावरून सुटली त्या, बोके सगळ्यात शेवटी. तातडीच्या आजारासाठी चौथा हिस्सा बाजूला, त्याला हात लावायचा नाही. आजारी जनावरासाठी पैसे घेतले तर तीन हप्त्यांत परत. बिलाचा फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर, मूळ पावती आणि लसीची पुस्तिका ज्याचं जनावर त्याच्याकडे. गल्लीतल्या मांजरांच्या पावत्या माझ्या मशीनच्या खणात असतात. कुणी बघायला मागितल्या की दाखवते, आणि दाखवता दाखवता त्यांचेही शंभर रुपये मागून घेते.